ऐंशी एमबीचं नाटक

गावच्या जत्रंला नाटक व्हायचं तवा महारुद्र राणी व्हायचा. मिशी काढून, लुगडं नेसून गडी असा काय ठुमकत यायचा, की त्याची खरी बायको तोंडाला पदर लावून हसायची. म्या, बलभीम, पडद्यामागनं वाक्यं सांगायचो. नाटकाचं बाड बी माझ्याच हातानं लिवलेलं. काय दिवस हुते राव!

यंदा महारुद्रला लकवा मारला. हातपाय सुधारले, पण बोलणं बंद. आता उमरग्याला लेकीकडं, अर्पिताकडं असतो. डॉक्टर म्हणले, बोलता येईल, पण त्याच्या मनानं घेतलं पायजे. अर्पिताचा फोन आला, "काका, नाटकाचं बाड हाय न्हवं तुमच्याकडं? मोबाईलवर पाठवा. ते वाचून तरी अण्णा बोलतील."

म्या तडक कळंबला, पुतण्याच्या कॉम्प्युटरच्या दुकानात. दिग्विजयनं दोन दिस बसून समदं बाड टाईप केलं, पीडीएफ केली अन् पाठवली. पापणी लवायच्या आत गेली बी. सांजच्याला अर्पिता म्हणली, "काका, अण्णांनी बघितलं अन् मोबाईल बाजूला सारला."

माझं डोस्कंच फिरलं. दुसऱ्या दिवशी पुन्ना दुकानात. "माझ्या हातानं लिवलेली पानं हायेत तशी पाठव!"

दिग्विजयनं एकेक पान स्कॅन केलं अन् कपाळाला हात लावला. "तात्या, ऐंशी एमबी झाली! कालची अर्धा एमबी बी न्हवती."

"नाटक तेच, वाक्यं तीच. मग वजन कसं वाढलं रं? कॉम्प्युटर काय लबाडी करतंय का?"

"लबाडी न्हाय, तात्या. टाईप केल्यावर फाईलीत नुसती अक्षरं जात्यात. स्कॅन म्हंजी अख्ख्या पानाचा फोटू. अक्षर कंचं अन् डाग कंचा, ते कॉम्प्युटरला कळत न्हाय. घडी, चहाचा डाग, कागदाचा पिवळा रंग, समदं ठिपका ठिपका करून साठवतंय. थांबा, काळी-पांढरी करून बारीक करतो."

बारीक केलेली बघितली. अक्षरं हुती. पण राणीच्या पानांवर कडंला महारुद्रच्या बोटांचा लाल रंग लागलेला. व्हट रंगवता रंगवता वाक्यं पाठ करायचा गडी. तो रंग कुठंच न्हाय.

"आरं, त्यालाच पुसलास की रं!" म्या वरडलो. "मोठीच पाठव."

"लई येळ लागंल, तात्या."

"लागू दे. मला काय रान नांगरायचंय?"

बसलो तिथंच, मोबाईलकडं बघत. चहा दिला पोरानं, तो तसाच गार झाला. ह्या बारीला बी त्यानं बाजूला सारलं तर? मग माझ्याकडं दुसरं काय हुतं पाठवायला?

फाईल पोचली. अर्पितानं व्हिडिओ कॉल लावला. महारुद्र पानं सरकवत हुता. एका पानावर थांबला. कडंच्या लाल रंगावर बोट फिरवलं. व्हट हलाय लागले. अर्पिता रडाय लागली, म्या म्हणलं, "गप बाई, त्याला बोलू दे."

"बल्या..." अडखळत अडखळत आवाज आला. तोच राणीचा बारीक आवाज. "तालीम... कवा हाय?"

तालीम कसली! राजा व्हणारा सिद्धेश्वर गेला, पेटीवाला वैजनाथ गेला. जत्रंत आता डीजे वाजतोय. हे त्याला कसं सांगू?

"आत्ताच हाय," म्या म्हणलं. "कर सुरू."