सात वाजताचा वेग

नोरीन टलीने चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला होता. सेंट ऑल्बन्समधल्या तिच्या गल्लीत मात्र रोज संध्याकाळी सात वाजता अख्खं जग नाहीसं व्हायचं. इंटरनेट अडकायचं आणि पडद्यावर नुसतं एक चक्र गरगरत राहायचं.

शेजारच्या शहाऐंशी वर्षांच्या चेन्सा ग्रिमाने तर त्या चक्राची धास्तीच घेतली होती. रविवारी तिकडे जगाच्या दुसऱ्या टोकाला, गोझो बेटावर तिच्या पणतीचा बाप्तिस्मा होता आणि तो तिला पडद्यावर थेट बघायचा होता. तिथले सकाळचे अकरा म्हणजे इथले बरोबर संध्याकाळचे सात. पोरीला नाव हिचंच ठेवणार होते.

नोरीनने इंटरनेट कंपनीला फोन लावला. पाऊण तास व्हायोलिन ऐकवून झाल्यावर एक गोड आवाज आला.

"बाई, आपला वेग शंभरपर्यंत आहे."

"अहो, संध्याकाळी दोन मिळतो!"

"दोनसुद्धा शंभरपर्यंतच येतो ना, बाई."

गुरुवारी सकाळी दुरुस्तीवाला गोरान आला. त्याच्या यंत्रावर शहाण्णव दिसले. "झकास चाललंय की!"

"सात वाजता येऊन बघ."

"सातला मी घरी असतो, बाई. माझ्याकडेही चक्रच फिरतं." त्याने आवाज खाली आणला. "अख्ख्या गल्लीला एकच केबल. गिऱ्हाइकं वाढवली, केबल तेवढीच. सगळ्यांनी एकदम नळ सोडले तर धार कुठून येणार?"

नोरीनने छत्री उचलली आणि एकोणचाळीस दारं ठोठावली. "रविवारी सात ते आठ इंटरनेट बंद ठेवा. म्हातारीला पणती बघायचीय." बहुतेकांनी मुकाट्याने मान डोलावली. चौदा नंबरचा क्लाइव्ह हॅनरहन तेवढा अडून बसला.

"आणि माझी फुटबॉलची मॅच?"

"तुझी टीम एप्रिलपासून हरतेय, क्लाइव्ह. एक हार रेडिओवर ऐक."

रविवारी सातला गल्ली बंद झाली. घरी करायला काहीच उरलं नाही, म्हणून जो तो चेन्साच्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. तिने आठ जणांपुरत्या केलेल्या पास्तिट्सीचे, म्हणजे चीज भरलेल्या खुसखुशीत करंज्यांचे, अर्धे अर्धे तुकडे करावे लागले. चित्र इतकं स्वच्छ, की पाद्रीबुवांच्या कानातले केससुद्धा मोजता यावेत. डोक्यावर पाणी पडताच पोरीने जो काही टाहो फोडला!

"आवाज माझ्यावर गेलाय," चेन्सा म्हणाली आणि तिने काचेचाच मुका घेतला.

"पुन्हा दाखवतील का हो?" क्लाइव्हने विचारलं.

मंगळवारी कंपनीचं पत्र आलं. 'आमच्या अभियंत्यांच्या अथक परिश्रमांमुळे आपल्या गल्लीत रविवारी सात वाजता विक्रमी वेग नोंदला गेला. सबब, तक्रार निकाली काढण्यात येत आहे.'

नोरीनने लाल पेन काढलं. 'अभियंत्यांच्या'वर काट मारून समासात एकोणचाळीस नावं घरनंबरांसकट लिहिली आणि तो कागद ग्राहक तक्रार कार्यालयाला धाडला. अडीच महिन्यांनी रस्ता खणला गेला, दुसरी केबल पडली. सातला घराघरात चित्र दिसू लागलं.

महिन्याभराने चेन्सा कुंपणापाशी आली. "नेट सुधारलं गं, पण माझ्याकडे कुणी फिरकत नाही. त्यांना सांग ना, पुन्हा बिघडवा म्हणावं."

"सांगायला कशाला हवं?" नोरीन म्हणाली. "कंपनी आहे ती. जरा धीर धर."