सहावा घास

१८ जानेवारी २०१५, सायंकाळी पाच वाजून दहा मिनिटे, प्रयत्न सहावा. एवढी नोंद करून रविकांतांनी गोठवलेले उंदराचे पिल्लू कोमट पाण्यातून काढले, कागदाने टिपले आणि चिमट्याने पेटीत धरले. पेन्सिलीहून बारीक, नारिंगी सापाने मान मागे घेतली.

"इयादा," दहा वर्षांची आर्या जपानीत म्हणाली. "नको म्हणतोय तो, आजोबा."

"अडतीस अंश आहे. अगदी पुस्तकाप्रमाणे."

"मग पुस्तकालाच भरवा."

ती खोलीत निघून गेली. हा साप तिच्या आईने, वृंदाने, आजारपणातच वाढदिवसासाठी दुकानात सांगून ठेवला होता. तो जपानमधल्या ग्योतोकूच्या घरी आला तेव्हा वृंदाला जाऊन दोन महिने झाले होते. चोवीस दिवसांत त्याने काहीही खाल्ले नव्हते. या आठवड्यात खाल्ले नाही तर तो जगणार नाही, असे दुकानदाराने सांगितले होते. येत्या रविवारी रविकांत नातीला कायमचे पुण्याला नेणार होते. त्यांचा मुलगा, आर्याचा बाबा स्वप्निल, बँकेतून रात्री दहाला घरी येई. साप विमानात नेता येत नव्हता. निदान तो खाता झालेला पाहून जाऊ, एवढेच आर्याने मागितले होते.

रविकांतांना एदो नदीच्या बांधावरचा वृंदाचा दहावा दिवस आठवला. तारेवर कावळे बसले होते, पण पिंडाला एकही शिवेना.

"बाबा, आर्याची शाळा इथेच ठेवू म्हणून सांगा ना वृंदाला," स्वप्निल म्हणाला होता. "तेवढ्यातच जीव अडकलाय तिचा."

असल्या गोष्टींवर रविकांतांचा विश्वास नव्हता. घड्याळ पाहून त्यांनी दर्भाचा कावळा शिववला होता.

आता त्यांनी घास पेटीत सोडला, चिमटा बाजूला ठेवला आणि हात जोडले.

"वृंदा, आर्याला मी नेत नाही. स्वप्निल लवकर घरी येईल, ते मी बघतो."

"आजोबा," दारातून आर्या म्हणाली, "त्याला मराठी येत नाही."

"त्याला नाही सांगत, बाळा."

ती येऊन त्यांना टेकून बसली. त्यांनी पेटीवर रुमाल टाकला.

सकाळी सातला आर्याने रुमालाला हात घातला. "थांब," ते म्हणाले. आधी त्यांनी विमान कंपनीला फोन करून तिचे तिकीट रद्द केले. मग मान हलवली. तिने रुमाल उचलला, वाकून पाहिले आणि त्यांचा हात घट्ट धरला. दुसऱ्या हाताने त्यांनी वही ओढली.

शिल्लक : ०.