डब्यावरच्या तीन शाली

पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या आमच्या घरासमोर त्या दिवशी एवढी गर्दी, की एखाद्याला वाटावं मंत्र्याची गाडी पंक्चर झालीय. ओसरीवर माणसं, खिडकीच्या गजांना माणसं, कुंपणाच्या भिंतीवरही माणसं. कारण काय, तर आमचा मेलेला कॉम्प्युटर जिवंत होणार होता.

वैजनाथ महाराज पाटावर बसलेले. एका हातात मोरपिसांचा कुंचा, दुसरा हात डब्याच्या पाठीवर. सगळे त्याला सीपीयू म्हणतात, मी डबाच म्हणते. ओठ पुटपुटत होते, धुपानं डोळे चुरचुरत होते. बऱ्याच वेळानं महाराजांनी डोळे वटारले.

"ऊठ! माते सरस्वती, ऊठ!"

कुंचा डब्यावर आपटला, कुंच्याआडून बोट बटणावर गेलं आणि डबा घुरघुरत सुरू झाला. पडद्यावर निळं आभाळ आलं. बायकांनी हात जोडले. शेजारच्या सीतारामनं जन्मभर टेलिफोनच्या तारा जोडल्या होत्या. तोसुद्धा पडद्यासमोर नाक घासत होता. पेन्शन बसली की काहींची अक्कलही रिटायर होते.

आता हे लफडं सुरू कसं झालं ते सांगते. आमच्या उसाच्या रानात बिल्डरनं इमारती उभ्या केल्या आणि माझा लेक इंद्रजीत रिकामा झाला. सून पूर्णिमा वाशीमची, कॉम्प्युटर शिकलेली. कॉलेजच्या पोरांचे प्रोजेक्ट ती टाइप करून द्यायची. तिच्यासाठी हे यंत्र घरात आलं. उद्घाटनाला इंद्रजीतनं महाराजांना बोलावलं. आता पुण्यात शाल पांघरवल्याशिवाय कुणाचं पोट भरत नाही. सत्काराला माणूस मिळाला नाही तर वस्तूला पांघरवतील. महाराजांनी नारळ फोडला आणि जाड लोकरीची शाल डब्यावर घातली.

"हे महावस्त्र. काढायचं नाही. काढलंत तर लक्ष्मी पाठ फिरवील."

इंद्रजीतनं ती मागून सेफ्टी पिना लावून पक्की केली. देवीला चोळी शिवावी तशी!

मे महिना, वर पत्रा. पूर्णिमा कामाला बसली की थोड्या वेळानं यंत्र एकदम मरायचं. महाराज यायचे, शुद्धीसाठी म्हणून शाल बाजूला काढायचे, मंत्र म्हणायचे, यंत्र उठायचं. मग जुनी शाल परत घालून वर नवी. बघता बघता तीन झाल्या. माझ्या सासऱ्यांनी अख्खं आयुष्य रानात घातलं, त्यांच्या खांद्यावर कुणी एक टाकली नाही.

पूर्णिमा पहिल्यापासून सांगत होती, "अहो, त्याला वारा लागत नाही. मागचा पंखा कोंडलाय."

"महाराजांपेक्षा तुला जास्त कळतं?" इंद्रजीत तिच्यावर खेकसायचा. मी बोलले की मला म्हणायचा, "आई, तू दुसरी शिकलेली, तू गप."

"दुसरीच शिकले म्हणून बरं," मी म्हणायची. "तुझ्यासारखी पंधरावी झाले असते, तर मीपण डब्याला स्वेटर विणला असता."

त्या दिवशी मात्र गोष्ट थट्टेच्या पलीकडे गेली. यंत्र उठवून झाल्यावर महाराजांनी कुंचा दाराकडे रोखला. दारात पूर्णिमा उभी होती.

"यंत्र उठलं, पण टिकायचं नाही. या बाईचा हात वाईट आहे. हिला माहेरी धाडा. मी सांगीन तेव्हा आणा."

लोकांनी तोंडानं चुकचुक केलं आणि टाचा उंचावून नीट बघितलं. इंद्रजीत आत गेला आणि तिची बॅग भरून घेऊन आला. माझ्या पोटचा गोळा! पूर्णिमा रडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. मागल्या वर्षी आमच्या गल्लीतल्या हिंमतरावांची सून अशीच 'सांगीन तेव्हा' म्हणून गेली होती. महाराजांचं सांगणं अजून आलेलं नव्हतं.

मी मघापासून महाराजांच्या डाव्या हातावर नजर ठेवून होते. भाकरी टाकण्याआधी तव्याचा ताव बघतो ना, तसा हा बाबा उलट्या हातानं डब्याची पाठ चाचपत होता. पहिल्यांदा हात झटकन मागे आला, मंत्र लांबला. पुन्हा चाचपलं, मंत्र आणखी लांबला. हात निवांत टेकला, तेव्हाच 'ऊठ' झालं. मी आयुष्यात पुष्कळ भुतं ऐकली, पण अंगात ताप असलेलं भूत काही ऐकलं नव्हतं.

"महाराज, बॅग जाईल," मी म्हणाले. "आधी माझं एक काम करा. सून लांब अंगणात उभी राहील, बोट लावणार नाही. तुमच्या तिन्ही शाली डब्यावर घाला, धूप जवळ ठेवा, आणि आपण बसू."

"देवीची परीक्षा घेऊ नये, माय."

"देवीची कोण घेतंय? मी डब्याची घेते."

"आई, गप बस!" इंद्रजीत ओरडला.

"तू गप. शेंबूड पुसायला मी शिकवलं तुला."

लोकांना काय, तमाशा पाहिजे. "होऊ द्या की महाराज! तुमची शक्ती हाय, भ्यायचं कशाला?" सीतारामच पुढे झाला आणि त्यानं शाली घातल्या, पिनांसकट. भजनाची सीडी लावली. पूर्णिमा अंगणात, सगळ्यांच्या नजरेसमोर. महाराजांनी मंत्र जोरात सुरू केला. घाम मात्र त्यांना डब्याच्या आधी फुटला.

भजन ऐन रंगात आलं आणि मधेच तुटलं. पडदा काळा.

"आता बोला," मी म्हणाले. "हात कुणाचा वाईट?"

मी पूर्णिमाला आत बोलावलं. तिनं शाली काढल्या, वायर काढली आणि डब्याची बाजू उघडली. पंख्यातून झेंडूच्या पाकळ्या आणि धुपाची काजळी निघाली.

"हा प्रोसेसर," ती म्हणाली. "बिस्किटाएवढा असतो, पण सगळं काम हाच करतो, म्हणून तापतो. त्याची गरमी हा वरचा पंखा उडवतो आणि मागचा पंखा बाहेर ढकलतो. वाट कोंडली की आतली गरमी आतच राहते. मग जळून जाऊ नये म्हणून मदरबोर्ड स्वतःच यंत्र बंद करतो. थंड झालं की परत चालू. तोवर मंत्र म्हणा, नाहीतर मेथी निवडा."

"मला संन्याशाला यंत्रातलं काय कळतंय?" महाराज चपला शोधू लागले.

चपलांवर मी उभी होते.

"सीताराम, बसव यांना अंगणात. सत्कार राहिलाय."

तिन्ही शाली मी स्वतः महाराजांना पांघरवल्या, नाकापर्यंत. सेफ्टी पिना लावल्या. पायाशी धुपाटणं ठेवलं. वर मे महिन्याचं ऊन. "महावस्त्र आहे हो. काढायचं नाही. काढलंत तर लक्ष्मी पाठ फिरवील."

महाराज टोमॅटोसारखे लाल झाले. "माय, सोडा! जीव घुसमटतोय, वारा लागू द्या!"

"असं कसं? कुठल्या बाईचा हात लागला तुम्हाला? माहेरी धाडू का तिला?"

"सांगतो! मी कात्रजला टीव्ही दुरुस्त करायचो. कोंडलेला सेट तापून बंद पडतो, माहीत होतं मला!"

मघाशी हात जोडणारी तीच माणसं आता शिट्ट्या मारत होती. सगळ्यात मोठ्यानं हिंमतराव हसत होते. मला ते पाहवेना.

"हसता काय हिंमतराव? तुमचा टीव्ही काचेच्या कपाटात ठेवायला कुणी सांगितलं होतं? आणि तो बंद पडला म्हणून घराबाहेर कोण गेलं?"

हिंमतराव खाली मान घालून गर्दीतून निघून गेले.

मी महाराजांच्या पिना काढल्या आणि त्यांना अनवाणी घालवलं. मग इंद्रजीतकडे वळले. "बॅग उघड. एकेक साडी घडी घालून कपाटात लाव. इथंच, सगळ्यांसमोर. आमचा तेवढा चमत्कार बघायचा राहिलाय."

त्यानं साड्या लावल्या. घडी घालता येत नव्हती, बायका दाखवत होत्या आणि हसत होत्या. पूर्णिमा उघड्या डब्यासमोर कामाला बसली ती दिवेलागणीपर्यंत. डबा एकदाही मेला नाही.

त्या शाली आता तिच्या टेबलाखाली पायपुसणी आहेत. आणि तुम्हाला सांगते, तुमच्या घरात काही बंद पडलं आणि कुणी घरातल्या बाईकडे बोट दाखवलं, तर बाईची बॅग भरू नका. आधी वरचं पांघरूण काढा, स्वतः हात लावून बघा, आणि तिला विचारा. बहुतेक वेळा तिला ठाऊक असतं. विचारत कुणी नाही.