एक पट्टी खाली

बाईंनी पियानोची एकच पट्टी दाबली आणि हात उचलला. वर्गात सगळे पियानोकडे पाठ करून बसले होते. श्रवणाच्या परीक्षेला नियमच तसा होता. मागच्या रांगेतल्या मुलीने विचार न करता 'काळी एक' लिहिलं आणि डोळे मिटून घेतले. हल्ली दोन स्वरांच्या मधल्या शांततेतही तिला डुलकी लागायची.

तास संपल्यावर बाईंनी कागद तपासले आणि तिला थांबवून घेतलं.

"एकही बरोबर नाही," त्या म्हणाल्या. रागावून नव्हे, थर्मामीटर वाचून दाखवावा तशा. "पण प्रत्येक उत्तर बरोबर एक पट्टी वर आहे. घरी पियानो कुठे लावलाय?"

"खिडकीपाशी."

बाईंना हसू आलं. "अगं, कुठल्या सुरात लावलाय?"

ते तिला ठाऊकच नव्हतं.

"तो एक पट्टी उतरलेला असणार. तुझा कान पक्का आहे, पण त्या पियानोपुरता. फेरपरीक्षा पुढच्या आठवड्यात. त्यात गेलीस तर दुसऱ्या वर्षाला प्रवेश नाही."

"मग काय करू, बाई?"

"ऐकायचं आणि एक वजा करायचं. आणि घरचा पियानो वर चढवून घे. ते जमत नसेल, तर सुट्टीत त्याला हात लावू नकोस. एका डोक्यात दोन कान राहत नाहीत."

बाहेर संगीत विद्यालयाच्या बोळात दोन्ही बाजूंच्या खोल्यांतून सगळ्यांचा सराव एकमेकांवर आदळत होता. तिची वसतिगृहातली खोलीसोबतीण व्हायोलिनची पेटी पाठीला अडकवून उभी होती.

"काय गं कानसेन, बाईंनी कान धरला वाटतं?"

"धरला," ती म्हणाली आणि पायरीवर बसली.

इथे आल्यापासून असंच चाललं होतं. बोटं एक पट्टी दाबायची आणि कानावर शेजारची पडायची. रोज संध्याकाळी डोकं जड व्हायचं, जेवताना घास हातातच राहायचा. झोप पुरत नाही, गादी कडक आहे, असं ती स्वतःला सांगत आली होती. घरी रेकॉर्ड लावली की गाणी वरच्या पट्टीत ऐकू यायची. आई म्हणायची, आपलं यंत्र जरा जोरात फिरतं. ते तिला कायम खरं वाटलं होतं. पियानो आईनेच शिकवला होता, आणि आईवर शंका घ्यायची सवय नव्हती.

तिने ट्यूनरकाकांना फोन लावला. घरचा पियानो तिच्या जन्माआधीपासून तेच लावत होते.

"काका, आपला पियानो उतरलेला आहे?"

"उतरलेला नाही, उतरवलेला आहे," काका म्हणाले. मग खाकरले. "आईला विचारलंस?"

"नाही."

"मग विचारू नकोस. तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तू एवढीशी होतीस. नंतर आवाज वर जाईना. आणि तू अशी हट्टी, की आई पियानोवर गायल्याशिवाय झोपायची नाहीस. एक दिवस मला म्हणाली, गळा चढत नाही, तर हा उतरवा. दर वेळी विचारतो, आता चढवू का? म्हणते, राहू दे. मी बापडा तारा जुन्या आहेत म्हणून सांगत फिरतो."

फेरपरीक्षेत तिने एकही उत्तर कानाला येईल तसं लिहिलं नाही. काळी एक ऐकू आली की तिच्या लगतची खालची पांढरी एक, पांढरी दोन ऐकू आली की काळी एक. पेन्सिल प्रत्येक स्वरापाशी क्षणभर अडायची, मग एक पाऊल मागे यायची. बाईंनी कागद तपासला आणि मान डोलावली. ती बाहेर आली तेव्हा आनंदापेक्षा थकवाच जास्त जाणवत होता.

आईचा फोन आला तेव्हा ती बोळाच्या टोकाला भिंतीला टेकून बसली होती.

"झालीस ना पास?"

"झाले."

"मग आवाज का असा? जेवतेस ना नीट?"

"दमलेय गं. बाकी काही नाही."

"तिकडचे पियानो... काही वेगळे वाटतात का?"

"वेगळे म्हणजे?"

"काही नाही. सहज विचारलं." मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "थांब हं. ओळख बघू."

लहानपणीचा खेळ होता तो. पलीकडून एक स्वर आला, खिडकीपाशी लावलेल्या पियानोचा. तिच्या मनाने सवयीने एक वजा केलं, आणि खालच्या सप्तकातली पांढरी सात हे उत्तर तयार झालं. फोनमध्ये नुसता आईचा श्वास ऐकू येत होता.

"पांढरी एक," ती म्हणाली.

"शहाणी माझी!" आईने सुस्कारा सोडला. "मला वाटलं, तिकडे जाऊन कान बदलला की काय. सुट्टीत आलीस की वाजवशील ना?"

शेजारच्या खोलीत कुणीतरी सरावाची ओळ पुन्हा पहिल्यापासून सुरू केली. तिने डोकं भिंतीला टेकलं.

"तू गाणार असशील तर," ती म्हणाली.