फाळक्यावरचं गणित

अहो, पुढं काय बघताय, मागं बघा. मी बोलतोय, उसाच्या ट्रॉलीचा फाळका. ट्रॉलीचं मागचं लोखंडी दार म्हणजे मी. तोंड कायम मागं, त्यामुळे येणारा रस्ता मला कधी दिसलाच नाही. गेलेला तेवढा दिसतो.

पाथर्डीच्या एका वर्कशॉपात माझा जन्म झाला. आधी वेल्डिंगच्या ठिणग्या, मग निळा रंग. अजिनाथनं मला हौसेनं घरी नेलं. दर साली दिवाळी झाली की अजिनाथ, त्याची बायको रेश्मा आणि त्यांची टोळी ट्रॉलीत भांडीकुंडी घालून ऊस तोडायला पुणतांब्याकडं निघायची. ऊन, पाचट, चिखल, सगळं सोसलं मी. माणसं मला आपटून बंद करतात, वर पानाच्या पिचकाऱ्या मारतात. लोखंड असलो म्हणून काय झालं हो?

यंदा त्यांची अश्विनीही बरोबर आली. पोरगी अकरावी सायन्सला, पण घरी एकटी ठेवायची कुणाच्या जिवावर? पुस्तकं घेऊन आली बिचारी कोपीवर. ऊसतोड्यांच्या पाचटाच्या झोपडीत कुठला आलाय फळा! तिनं मलाच फळा केलं. आजवर माझ्यावर कुणी एवढा हळू हात ठेवला नव्हता. मी खूश झालो, खोटं कशाला बोलू.

एकदा तिनं गणित घेतलं. गाडी अमुक वेगानं चालली आहे, ब्रेक दाबला, तर किती अंतरावर थांबेल? सोडवता सोडवता ती मध्येच थांबली आणि बापाला म्हणाली, "पप्पा, ट्रॉल्या सोडून नुसता ट्रॅक्टर पळवा. मी टाळी वाजवली की ब्रेक मारा."

अजिनाथनं मारला. चार पावलांत ट्रॅक्टर उभा.

"बघितलं? जागंवर हुबा!" तो मिशीत हसला. हे सगळे ड्रायव्हर ब्रेक असाच तपासतात, मोकळ्या रानात, ट्रॉल्या सोडून. आणि तेवढ्यावर सगळा सीझन काढतात.

अश्विनी मात्र हसली नाही. तिचा खडू कुरकुर चालूच. ब्रेक फक्त ट्रॅक्टरला, मागच्या दोन ट्रॉल्यांना नाहीच. ऊस भरल्यावर सगळं वजन दहापट, ब्रेक तेवढाच, म्हणजे थांबायला चाळीस पावलं. आणि वेग दुप्पट झाला, तर अंतर दुप्पट नाही, चौपट. एकशेसाठ! तिनं त्या आकड्याखाली दोन रेघा मारल्या आणि रस्ता मोजायला निघाली.

फडातून कारखान्याकडं जाताना कालव्याच्या पुलावरून रस्ता खाली उतरतो, मग सरळ कोप्यांपर्यंत जातो. मध्ये एक बाभूळ आहे, अजिनाथ तिथं ब्रेक दाबायचा. बाभळीपासून कोप्यांपर्यंत शंभर पावलंसुद्धा भरेनात. पोरीचं तोंड उतरलं.

रोजचं ठीक होतं, अजिनाथ बारक्या गिअरमध्ये उतरायचा. पण सीझनच्या शेवटच्या खेपेची तऱ्हा निराळी. त्या दिवशी ट्रॅक्टरला हार, स्पीकर, गुलाल. बायका ओवाळायला ताट घेऊन रस्त्यातच उभ्या राहतात. ड्रायव्हर पुलावरून न्यूट्रल मारून सुसाट येतो आणि थेट ताटासमोर गाडी थांबवतो. ताटाच्या जितकं जवळ, तितकी त्याची वाहवा.

त्या सकाळी अश्विनीनं बापाला माझ्यासमोर आणलं. "पप्पा, बाभळीपाशी ब्रेक मारून गाडी न्हाई थांबायची. पाया पडते, आज न्यूट्रल मारू नका. पुढं आई हुबी आसंल."

"येडी का काय तू? पुस्तकातली गाडी निराळी, माझी निराळी. इतकी वर्सं काय हवेत थांबवली का?"

"इतकी वर्सं खेप कमी भरत हुता तुमी. यंदा जादा भरताय."

"बास! सणासुदीला वंगाळ बोलू नको." त्यानं ओलं फडकं घेतलं, सगळं गणित पुसलं आणि तिथं कुंकवाचं स्वस्तिक काढलं. एकशेसाठही गेला, दोन रेघाही गेल्या. मला तोंड असून उपयोग काय? मला मोठ्यानं ओरडावंसं वाटत होतं.

पोर धावत कोप्यांवर गेली असावी, आणि बायकांनी तिला हसण्यावारी नेलं असावं. कारण आम्ही न्यूट्रलवर सुसाट पूल उतरलो तेव्हा ती उतार संपतो तिथं, रस्त्याच्या कडेला, लाल ओढणी हलवत उभी होती. बाभळीच्या कितीतरी अलीकडं. हिशोबानं तिथंच ब्रेक लागायला हवा होता.

मला ती दिसली, पण आम्ही पुढं गेल्यावर. हॉर्न वाजला, मग ब्रेक लागला. मागून उसाचं वजन पुढं रेटत राहिलं, टायर किंचाळले. ती ओढणी धरून आमच्यामागं पळत होती. "आई, बाजूला हो गं!" तिचा तो आवाज अजून माझ्या पत्र्यात आहे. मग पुढून ताट पडल्याचा आवाज आला आणि बायकांची किंकाळी.

बाकीच्या बायका पळाल्या. नवऱ्याच्या गाडीला ओवाळायला सगळ्यात पुढं उभी राहिलेली रेश्मा पडली. जीव वाचला, पण उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. गाडी आडवी होताना मी मुडपलो. आता माझ्याजागी दुसरा फाळका बसवलाय. मी पाथर्डीला अंगणात भिंतीला टेकून असतो. गंज चढतोय.

घरी आल्यापासून अश्विनीनं पुस्तक उघडलेलं नाही. परवा ती आईला कुबडी देताना रडत म्हणाली, "माझ्याकडूनच चूक झाली. माणूस बघतो, इचार करतो, मग ब्रेक मारतो. तेवढ्यात बी गाडी पळती. त्यो येळ मी धरलाच न्हाई."

उंबऱ्यावर बसलेला अजिनाथ खाली मान घालून ऐकत होता. तो म्हणाला, "ओढणी दिसली मला. वाटलं, लेक कौतुकानं हुबी हाय. मी हॉर्न वाजवला, हात हलवला, मग ब्रेकवर पाय दिला. त्यो येळ तुझ्या गणितातला न्हाई पोरी. त्यो माझा हाय."

मग उठला, फडकं भिजवून आणलं आणि माझ्यावरचं वाळलेलं कुंकू स्वतःच्या हातानं पुसलं. खडूचा तुकडा माझ्या काठावर ठेवला आणि आत गेला.

खडू अजून तिथंच आहे. अश्विनी येता-जाता बघते, हात लावत नाही. गाडीवाल्यांनो, तुमच्या फाळक्यावर कुणी काही लिहिलं, तर पुसायच्या आधी वाचा एवढंच. आणि पोरी, तू ये गं. मी आता कुठं जात नाही, आणि मला कुणी पुसणारही नाही.