तीन दिवसांची व्हॅन

आश्लेषा इथे परदेशात आमच्या शेजारची. मूळची नागपूरची, माझ्या मुलापेक्षाही लहान, आणि काम काय, तर राज्याचं बजेट वाचणं. एका सेवाभावी संस्थेत बसून ती त्या जाडजूड बजेटात कुठल्या सेवेला कात्री लागली ते शोधते आणि तुमच्याआमच्यासारख्यांना कळेल अशा भाषेत लिहिते. "यात पोट भरतं का गं?" असं मी तिला पहिल्याच भेटीत विचारलं होतं. आता आठवलं की लाज वाटते.

मार्चमधल्या एका शनिवारी मी थालीपिठं लावत होते, तर ही बया लॅपटॉप घेऊन थेट किचनमध्ये.

"काकू, काकांची सीनियर सेंटरची व्हॅन आहे ना? नव्या बजेटमध्ये तीन दिवसांचा एक दिवस केलाय. जुलैपासून."

माझा हात तव्याला लागला.

ह्यांना, म्हणजे उल्हासना, पार्किन्सन्स होऊन सहा वर्षं झाली. हात थरथरतात, चालता चालता पाय जमिनीला चिकटतात, आवाज तर इतका बारीक झालाय की कान ओठांशी न्यावा लागतो. सोमवारी, बुधवारी, शुक्रवारी सकाळी नऊला राज्याच्या पैशांवर चालणारी ती व्हॅन आमच्या शॉमबर्गच्या घरासमोर येते, लिफ्टनं ह्यांची व्हीलचेअर वर घेते आणि तीनला परत आणून सोडते. तिकडे ज्येष्ठांच्या त्या सेंटरात व्यायाम, आवाजाचे धडे, गरम जेवण, बिंगो नावाचा आकड्यांचा खेळ. आणि त्या सहा तासांत मी काय करते? झोपते. रात्री चार-चारदा उठून ह्यांना सावरायचं, कूस बदलायची, मग दिवसा डोळे उघडे कसे राहणार? पण हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. सगळ्यांना आपलं एकच, "ह्यांना तिथं फार आवडतं हो!"

"पण कमी का केली मेल्यांनी?" मी विचारलं.

"सर्व्हेमुळे. ऑक्टोबरात घरोघरी फोन केले होते, की एका दिवसावर आणली तर चालेल का? आपल्या या देशी वस्तीच्या भागात बहुतेकांनी चालेल म्हटलंय. बाकी कुठेच असं नाहीये, यार. मला तर डेटाच चुकीचा वाटतोय."

डेटा बरोबर होता. मी गॅस बंद केला आणि खुर्चीत बसले. मलाही तो फोन आला होता. पलीकडची मुलगी इतकं गोड बोलत होती की मी म्हणाले, "नो, नो, वी आर फाइन! वन डे इज ऑल्सो ओके. थँक यू सो मच."

"काकू! असं कसं म्हणालात?"

"अगं, पहिल्यांदा विचारलं की नकोच म्हणायचं असतं! पंगतीत कुणी जिलबी घेऊन आलं तर आपण हात आडवा धरतोच ना? मग तो आग्रह करतो, मग आपण घेतो. मला वाटलं, परत विचारेल."

आश्लेषानं लॅपटॉप मिटला. "सरकार आग्रह नाही करत, काकू. एकदा विचारतं आणि खूण करून पुढे जातं."

बरं, हा शहाणपणा करणारी मी एकटी नव्हते. संध्याकाळी व्हॅन वापरणाऱ्या आपल्या ओळखीच्या घरांना फोन फिरवले. सुवर्णाची आई म्हणाली, "मी सांगितलं, आमचं भागतं, गरजूंना द्या." डॉक्टर गुरुदत्त म्हणाले, "सरकारपुढे हात कशाला पसरायचा?" मी म्हटलं, "डॉक्टर, चाळीस वर्षं टॅक्स भरताना बरा हात पुढे केलात!" तेव्हा कुठे हसले.

एप्रिलमध्ये जवळच्या कम्युनिटी कॉलेजात बजेटवर सुनावणी होती. आश्लेषानं माझं नाव नोंदवलं. "तीन मिनिटं मिळतील. फक्त खरं सांगा." हे म्हणाले, मीही येणार. ह्यांच्यासमोर खरं कसं सांगू?

समोर पाच आमदार. मी माइक धरला आणि आपल्या वळणाप्रमाणे आधी आभारच मानत सुटले. समितीचे आभार, सेंटरचे आभार, ड्रायव्हर टेरेलचे तर विशेष, कारण हिवाळ्यात आमच्या पायरीवरचा बर्फ तो स्वतः झाडतो, त्याचं ते काम नसताना. मागून आश्लेषा घड्याळ दाखवतेय. अध्यक्षबाई म्हणाल्या, "एक मिनिट राहिलं."

मग मात्र मी हातातला भाषणाचा कागद घडी करून ठेवला. म्हटलं, "फोनवर मी नको म्हणाले तो आमचा शिष्टाचार होता. ते खरं नव्हतं. आम्हाला तीनही दिवस हवेत. माझा नवरा पडतो. मी रात्र रात्र जागते. व्हॅन येते त्या दिवशी मी झोपते, म्हणून बाकीचे दिवस त्याला उचलू शकते. एकच दिवस ठेवलात तर कधीतरी मीही त्याच्याबरोबर पडेन, आणि मग तुम्हाला नर्सिंग होममध्ये दोन खाटांचा खर्च करावा लागेल."

कुणीतरी हसलं. अध्यक्षबाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

मी ह्यांच्याकडे पाहिलंच नाही. गाडीत तेवढं चोरून पाहिलं. या आजारात चेहरा हलत नाही, त्यामुळे राग आला की वाईट वाटलं, काही कळायला मार्ग नाही. पुढे कित्येक दिवस मला खात होतं, की भरल्या सभेत मी ह्यांना ओझं म्हणाले.

तिकडे आश्लेषा समितीच्या मागेच लागली. आमच्या भागात पुन्हा फोन झाले आणि या खेपेला सगळ्यांनी तोंड उघडून गरज सांगितली. मेअखेरीस ती ऑफिसातून फोनवरच ओरडली, "काकू, तीनही दिवस राहिले!"

मी देवासमोर साखर ठेवली आणि रडले. या पोरीचे, त्या पाच जणांचे उपकार कसे फेडायचे? आणि या राज्यात कुठेतरी मक्याच्या शेतात, गोदामात राबणारी माणसं, ज्यांना उल्हास हे नाव धड उच्चारताही येणार नाही, ती आपल्या टॅक्समधून ह्यांच्या व्हॅनचं पेट्रोल भरतात. त्यांना कुठे जाऊन नमस्कार करू?

सोमवारी ह्यांच्या शर्टाची बटणं लावताना मी आनंदानं म्हटलं, "चला, तुमचा बिंगो वाचला!"

हे काहीतरी पुटपुटले. मी कान जवळ नेला.

"मला बिंगो मुळीच आवडत नाही."

"अहो, मग इतकी वर्षं का जाताय?"

शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला. "तू झोपतेस ना."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तीनला दार उघडतेस... तेव्हा गालावर उशीची घडी असते."

बाहेर हॉर्न वाजला. टेरेलनं लिफ्ट खाली आणली. मी ह्यांची कॉलर नीट केली आणि त्या परक्या माणसासमोर, लग्नाच्या सत्तेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच, ह्यांच्या कपाळाचा मुका घेतला. व्हॅन कोपऱ्यावर वळेपर्यंत दारात उभी राहिले. मग आत येऊन निमूट झोपले. ह्यांनी मिळवून दिलेली झोप वाया कशी घालवू?