काचेवरचा पंजा

आमच्या वर्गात शाळा सुटते तीच मुळी चित्रं अर्धवट ठेवून. वर्षाच्या शेवटच्या दिवशी मुलं काळ्या पुठ्ठ्याचे आकार कापतात, निळ्या कागदावर टाचतात आणि मी ते कागद खिडकीत दोरीला टांगते. सुट्टीभरच्या उन्हात निळा रंग उडतो. शाळा उघडली की आकार काढायचे. खाली गडद मासा, गडद सायकल. उन्हाने काढलेली चित्रं.

"कशावरून?"

हा प्रश्न इतक्यांदा विचारून वर्गातल्या एका मुलीचं नावच 'कशावरून' पडलं होतं. "कशावरून ऊनच काढतं, बाई? कागद जुना झाला म्हणून रंग गेला असेल."

प्रगतिपुस्तकांचा ढीग सह्यांसाठी पडला होता, माझं डोकं फिरलं होतं. "मग तुझा आकार काचेलाच चिकटव आणि बघ!"

तिने खरंच चिकटवला. स्वतःच्या हाताचा पंजा. काचेवर काय उमटणार, कपाळ? पण मला घरी जायची घाई होती.

निघताना म्हणाली, "सुट्टीनंतर आमचं बिऱ्हाड दुसऱ्या गावी हलणार. पण पहिल्या दिवशी आई मला तासभर सोडणार आहे, हे बघायला. दाखवाल ना?"

"नक्की," मी म्हटलं.

पहिल्या दिवशी ती सगळ्यांच्या आधी हजर. आई दारात, घड्याळाकडे बघत. मी कुलूप काढलं आणि पाहते तर वर्गात अंधार. काच आणि कागद यांच्यामधला हिरवा पडदा गच्च ओढलेला, चौकटीला टाचण्यांनी बसवलेला.

झाडलोट करणाऱ्या मावशी खुशीत होत्या. "पोरांची चित्रं उन्हात टांगून गेलात की हो, बाई! एकाचाही रंग उडू दिला नाही मी."

आकार काढले. खाली कोराकरकरीत निळा कागद. मावशींवर ओरडायला तोंड उघडलं, पण त्यांनी मायेनेच केलं होतं. त्या मुलीकडे बघायची तर मला लाजच वाटली. एवढ्याचसाठी आली होती पोर.

ती मात्र पडद्यापाशी उभी होती. "बाई, हे बघा."

सगळा पडदा विटून पिवळट पडला होता. फक्त एका जागी, कडा जराशा पुसट, पाच बोटांचा हिरवागार पंजा.

तिने टाचण्या काढल्या, पडदा सारला, काचेवरचा पुठ्ठा पाहिला. पुन्हा पडदा ओढला. मग पंजाच्या जागी आणि बाजूला पडदा किती जुना आहे तेही वास घेऊन तपासलं.

"पडदा सगळीकडे सारखाच जुना आहे," ती गंभीरपणे म्हणाली. "म्हणजे ऊनच."

"अगं बाई, पडद्याचा रंग गेला की!" मावशींनी कपाळाला हात लावला.

"चल गं, गाडी थांबलीय," आईने हाक मारली.

तिने आपला हात त्या पंजावर ठेवला. बोटांची टोकं थोडी बाहेर आली. "बाई, माझा हात वाढला, की पडदा आटला?"

मी म्हटलं, "नव्या शाळेतल्या बाईंना विचार."

"त्यांना काय माहीत? त्यांनी कुठे पाहिलाय हा?" असं म्हणत ती धावत गेली.

आठवड्याने मावशी नवा पडदा घेऊन आल्या. मी तो शेजारच्या खिडकीला लावायला सांगितला.